सातव्या मुलाचं पाणी

रविवारची प्रार्थना आटपली की अर्धं गाव मॅलकी गॅफनीच्या अंगणात रांग लावायचं. मॅलकी सातव्या मुलाचा सातवा मुलगा. आमच्या लीट्रिम परगण्यात एवढ्यावर माणूस वैद्य होतो, शिकायची कटकट नाही.

"ताप माझ्या हातात उतरतो, पोरा. मलाच चटका बसतोय," म्हणत त्याने एका रविवारी रांगेतल्या कोल्म नावाच्या पोराच्या छातीवर पंजा ठेवला आणि आठवडाभर पुरेल एवढं विहिरीचं पाणी बाटलीत भरून दिलं. कित्येक दिवस फणफणलेल्या कोल्मचा ताप दोन दिवसांत उतरला. गाव गहिवरलं.

मी गावची डॉक्टर. कोल्मच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू आहे आणि नुकताच त्याचा दात सडला होता. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसले असावेत, लगेच इस्पितळ गाठा, असं मी बजावलं होतं. माझं ऐकतो कोण? बाटली संपत आली तसा ताप परतला. तेव्हा कुठे इस्पितळ, आणि तिथे तपासणीला ठेवलेल्या रक्तात एकही जंतू वाढेना. जंतूच कळेना, तर औषध कोणतं द्यायचं?

"बघा, शास्त्राला काही सापडलं नाही. मी सगळं धुऊन काढलंय," मॅलकी सांगत सुटला. माझं डोकंच फिरलं.

कोल्मची आई डिम्पना गाई पाळते. मी तिला म्हटलं, "बाटलीच्या तळाशी काही उरलंय?"

"थोडं आहे. पण डॉक्टरबाई, त्याची निंदा नको."

"निंदा नाही. दूध तपासतेस तसं तपास."

गाईला जंतू मारणारं औषध दिलं की तिचं दूध डेअरीला घालण्याआधी जांभळ्या नळीत तपासतात; त्या नळीत मुद्दाम जंतू घातलेले असतात. दूध स्वच्छ असलं तर नळीतले जंतू वाढतात, रंग पिवळा होतो. औषध उरलं असलं तर जंतू मरतात, रंग जांभळाच राहतो. एका नळीत नुसतं दूध, दुसरीत तेच दूध आणि मॅलकीचं पाणी. काही तासांनी पहिली पिवळी झाली. दुसरी जांभळीच.

दोन्ही नळ्या घेऊन डिम्पना भर रांगेत उभी राहिली.

"मॅलकी, तुझ्या विहिरीत गाईचं औषध कुठून आलं रे?"

"श्रद्धा नसली की नळीही खोटं बोलते."

"या नळीच्या शब्दावर मी दुधाची आख्खी टाकी गटारात ओतलीय. ती तुझ्यापुरती खोटं बोलेल?"

मॅलकीने मान खाली घातली. "घातलं थोडं. काय बिघडलं? ताप उतरला ना?"

"तेच बिघडलं," मी म्हणाले. "रक्तातले जंतू मेले, म्हणून तपासणीत दिसले नाहीत. झडपेवरच्या गुठळीत दडलेले जगले. त्यांना मारायला नेमकं औषध कित्येक आठवडे शिरेतून द्यावं लागतं. तू नुसता ताप झाकलास. तोवर त्यांनी झडप कुरतडली."

मग मी रांगेला सांगितलं, "ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही. जो बाटलीत काय आहे ते सांगत नाही, त्याच्या हातचं पिऊ नका."

रांग तरी हलेना. तेव्हा डिम्पना रांगेकडे वळली.

"उद्या माझ्या पोराची छाती उघडून झडप बदलणार आहेत. दूध मी तपासल्याशिवाय कुणाला देत नाही. पोराला हे पाणी मात्र मीच पाजलं, काही न विचारता."