अस्वलाच्या हाताखाली

आमच्या शाळेत गणित शिकवायला कॉम्प्युटरमध्ये एक अस्वल आलं आणि मी त्याच्या हाताखालची मास्तरीण झाले. मुलांनी पडद्यावरचं गणित सोडवायचं, अडलं तर 'मदत' दाबायची. पहिल्या मदतीला अस्वल धीर देतं, दुसरीला रीत सांगतं आणि तिसरीला सरळ उत्तरच देऊन टाकतं. मुलं काय दुधखुळी आहेत? पहिल्याच तासाला सगळा वर्ग तिसऱ्या मदतीवर पोचला. खोलीभर नुसती टकटक. मुख्याध्यापिका बाई दारातून बघून म्हणाल्या, "किती रमलीत हो!"

रमली नव्हती ती फक्त माझी भाची. गणित वाचून ती हात मांडीवर ठेवून बसायची. अर्ध्याने भागल्यावर संख्या वाढते कशी, हे तिला कळत नव्हतं, आणि न कळता पुढे जायला ती तयार नव्हती. हट्टात आईवर गेलीय. पण बटण दाबलं नाही म्हणजे मूल अडलं, अशी अस्वलाची समजूत. ते लगेच सोपं गणित पुढे करायचं. हे मधेच कुठून आलं, याचा ती विचार करत बसायची. असं करत करत पोरगी चेंडू मोजण्यापर्यंत घसरली.

पुढच्या वर्षी वरच्या तुकडीत कोण जाणार, हे अस्वलच ठरवणार होतं. मी बाईंना गाठलं. "अहो, ती विचार करते म्हणून थांबते."

"तुमची भाचीच ना ती?" बाई म्हणाल्या. मी बाहेर आले.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "सख्खी मावशी गणिताची मास्तरीण, आणि पोरगी खालच्या तुकडीत? लोक काय म्हणतील?"

शेवटी मीच भाचीला बाजूला घेतलं. "अगं, काहीतरी दाबत राहा."

"मग विचार कधी करू?"

"नंतर."

गुणी पोर, मोठ्यांचं ऐकते. चेंडूंवरून उठली ती वरच्या तुकडीतच जाऊन बसली. बहिणीने तोंड भरून माझं कौतुक केलं. बाईंनी तर नातंबितं विसरून टाळ्या वाजवल्या. मला मात्र जेवण गोड लागेना. चांगल्या पोरीचं मी वाटोळं केलं असं वाटत होतं.

संध्याकाळी तिला जवळ बोलावलं. "चल, बसू आता आपण."

"कशाला?"

"विचार करायला."

तिचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, वरच्या तुकडीत विचार करावा लागतो?"

"नाही गं," मी म्हणाले. पोरीशी खोटं कशाला बोलायचं?