श्रीखंड बार आणि पानावरचे हात

देवासच्या त्या सोया कारखान्यात एक पॅकिंग मशीन ताडपत्रीखाली धूळ खात पडली होती, आणि नीलेशला ती हवी होती. घरी न्यायला नाही. चालवायला.

नीलेश कारखान्यात पोती शिवून घ्यायचा. लोहारदा, बागलीकडून सोयाबीन यायचं, त्याचं तेल निघायचं, उरलेल्याचं पीठ व्हायचं, पीठ पोत्यात जायचं. पोतं ट्रकवर चढलं की नीलेशचं काम संपलं. पण सायबर कॅफेत बसून त्याने वाचलं होतं की अमेरिकेत हेच सोयाचं प्रोटीन वडीत घालतात, वर चकचकीत कागद लावतात, आणि जिमवाले ती वडी जेवणाच्या जागी खातात. चॉकलेट केकच्या चवीची. चीजकेकच्या चवीची. चीजकेक म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. फोटो बघितला तर पांढरंपिवळं, गारगार, श्रीखंडासारखं. मग ठरलंच. अपन श्रीखंडाची करू.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. ए. बी. रोडवर नव्या जिम निघाल्या होत्या आणि अर्ध्या गावाच्या पोरांना दंड कमवायचे होते. नीलेशने घरची कढई घेतली आणि सहा महिने घरात कुणाला सुखाने स्वयंपाक करू दिला नाही.

"प्रोटीन बार म्हणतात याला," तो आईला म्हणाला.

"वडी म्हण," शशिकलाबाई म्हणाल्या. "समाजात कुणी विचारलं तर काय सांगू, मुलाने बार काढला म्हणून?"

शेवटी एकदाची वडी जमली, म्हणजे नीलेशला तरी तसं वाटलं. केशर, वेलची, सगळं होतं. तो ती घेऊन थेट मालकांच्या केबिनमध्ये गेला. भैयासाहेबांनी वडीचा वास घेतला आणि ती बाजूला ठेवली.

"मला शुगर आहे. मी चाखून काय करणार? सुन, सोमवारी मनावर गावची पार्टी येतेय मशीन बघायला. टॉफीवाला आहे. तोवर लोकांना चाखव. तुझ्या यारदोस्तांना नाही, घरगृहस्थीवाल्यांना. लोकांना पटली तर मशीन तुझी, चालव. नाही पटली तर मशीन मनावरला, और तू वापस बोरों में."

"पटेल, भैयासाहेब."

"तू नको सांगू. लोकांना सांगू दे."

गुरुवारी दत्तजयंती होती. महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये सगळे जमतात. नीलेशचे बाबा, सुभाषराव, सांगलीहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हापासूनचा तो ठरलेला कार्यक्रम. नीलेशने हिशेब केला: आरतीला साठ-सत्तर माणसं, सगळी गोड खाणारी, सगळी तोंडाची फटकळ. तात्या तर हमखास येणार. तात्या म्हणजे बाबांचे जुने फोरमन. समाजाच्या जेवणात भाजीला मीठ कमी असेल तर माइकवरून सांगणारा माणूस. नीलेशने वड्यांचे तुकडे केले, 'दहापैकी किती?' अशा चिठ्ठ्या झेरॉक्स करून आणल्या, पेन्सिली आणल्या. हॉलमध्ये पोचला. हातात भरलेलं ताट होतं, समोर दत्ताची तसबीर होती. त्याने ताट तसबिरीपुढे ठेवलं.

नवीन पदार्थ आहे, आधी देवापुढे. लहानपणापासूनचा हात, आपोआप गेला. आईने येऊन वर तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं, आणि नीलेश खुशीत जोरजोरात आरती म्हणायला लागला.

चूक कळली ती वाटायला सुरुवात केल्यावर. लोकांनी उजव्या हाताच्या पंजावर तुकडा घेतला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि खाल्ला. एकही माणूस नाक मुरडेना. एकही तुकडा उरेना. तात्यांच्या गालात तुकडा बराच वेळ अडकला होता, जीभ आतून फिरत होती, पण चेहरा असा की समाधी लागली आहे. समाजातली रुचा, जी घरी वांगं दिसलं की ताट ढकलते, तिने अर्धा तुकडा रुमालात बांधला.

"रुचा, आवडली नाही ना? सांग ना खरं."

"असं काय बोलतोस? प्रसाद आहे. घरी जाऊन खाते बाकीचा."

चिठ्ठ्या आल्या. दहापैकी दहा. दहापैकी दहा. एकाने दहापैकी अकरा. तात्यांनी आकडाच लिहिला नव्हता, लिहिलं होतं: 'प्रसाद उत्तम. श्री गुरुदेव दत्त.'

नीलेश पेन्सिली गोळा करत खुर्चीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात प्रणवने चिठ्ठ्या बघितल्या आणि टेबलावर हात आपटला. प्रणव मशीनवर बसणारा. ताडपत्रीखालची मशीन चालू झाली तर तिच्यावरही तोच बसणार होता. "भिया, काम हो गया! दे दे साहेबांना. अजून काय पाहिजे तुला?"

"हे मार्क दत्ताचे आहेत रे. वडीचे नाहीत."

"कागदावर कुठे लिहिलंय दत्ताचे?"

"नाही लिहिलं. पण उद्या माल दुकानात गेला, तर दुकानात कोण कपाळाला लावून खाणार आहे? सगळा माल परत येईल. मग भैयासाहेब मशीनही विकतील आणि मलाही."

"पागल है तू," प्रणव म्हणाला. पण चिठ्ठ्या त्याने परत दिल्या.

संध्याकाळी नीलेश जिममध्ये गेला. तिथल्या पोरांनी डबा रिकामा केला. "मस्त है भिया! और है क्या? कल भी लाना!" कशी लागली विचारलं तर, "अरे फ्री का माल है, बढ़िया ही लगेगा." डबा हलवत तो घरी आला. देवाचं म्हणून खरं बोलत नाहीत, फुकटचं म्हणून खरं बोलत नाहीत. मग माणूस खरं बोलतो कधी?

"रविवारी धारला जायचंय, लक्षात आहे ना?" आई म्हणाली. "मेधाचं केळवण. उमाशंकरमामाचा फोन होता. वाढायला नीलेशच पाहिजे म्हणाला."

मेधा म्हणजे मामाची मुलगी, लग्न तोंडावर आलेलं. नीलेशच्या डोक्यात तिथेच बत्ती पेटली.

धारला मामांकडे अजून पाट मांडून पंगत बसते. मामांचे आजोबा संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, कारकुनी गेली, पंगतीची शिस्त राहिली. पंगतीत पदार्थाला कुणी नावं ठेवत नाही. वाढणारा आग्रह करतो, जेवणारा नको म्हणतो. तोंडाने सगळेच नको म्हणतात, त्यामुळे तोंडाकडे बघायचंच नसतं. नीलेश दहा वर्षांचा असल्यापासून तिथे वाढतोय, त्याला ठाऊक आहे, हात बघायचा. हात वर, पानापासून चांगला वीतभर, आणि "अरे नको, नको", म्हणजे वाढ. एक हात पानावर पण बोटांत फट, म्हणजे थोडं वाढ. दोन्ही हात आडवे आणि माणूस पानावर ओणवा, म्हणजे खरंच नको. तिथे वाढलं तर पानात टाकून उठतील.

रविवारी सकाळच्या बसने तो वडीचा डबा, आणि कमी पडलं तर म्हणून कोऱ्या मसाल्याची, म्हणजे पाक न घातलेल्या सोयापिठाची, पिशवी घेऊन धारला उतरला. पाया पडून थेट मुद्द्यावर आला.

"मामा, माझी वडी वाढू पंगतीत? पण नैवेद्याच्या पानात घालायची नाही. देवाला अजिबात दाखवायची नाही."

उमाशंकरमामा देवपूजा आटपून सोवळं सोडत होते. ते थांबले. "का? देवाला दाखवायला लाज वाटावी असं काही घातलंयस काय तीत?"

"घातलेलं सगळं चांगलं आहे, मामा. पण वडी चांगली आहे की नाही ते अजून कळलेलं नाही. देवाला दाखवली की ते कळायचा रस्ताच बंद होतो."

मामांनी सोवळ्याची घडी घातली. मग म्हणाले, "आधी देवाचा नैवेद्य होऊ दे. केळवण आहे, कुळाचार नव्हे. वाढ. पण आग्रह रीतसर कर, नुसता हिंडू नकोस."

पंगत बसली. कमलमामीचं श्रीखंड आधी फिरलं. "अरे पुरे!" हात वर. "नको रे बाबा!" हात वर. "मेधा, तू तरी मला वाचव!" हात तर पार खांद्यापर्यंत वर. भांडं रिकामं होऊन परत भरून आलं.

मग वडी. पहिला तुकडा सगळ्यांनी घेतला, पहिल्याला नको म्हणायची रीतच नाही. नीलेश टोकापर्यंत गेला, वळला, आणि दुसऱ्या फेरीला आला.

"घ्या ना, काका. एक."

"छान आहे हो, पण पुरे." काका दोन्ही हात आडवे करून ओणवे झाले.

"मावशी?"

"सुरेख झालीय, पण नको." दोन्ही हात.

"मेधा, तुझं केळवण आहे!"

"दादा, मी साडीत मावणार नाही." दोन्ही हात. वर कोपरसुद्धा.

सगळी पंगत पानांवर ओणवी झाली. लांबून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं वादळ सुटलंय आणि माणसं पानं धरून बसली आहेत. मामा शेवटच्या पाटावर होते. त्यांनी नीलेशच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे दोन्ही हात आडवे केले.

नीलेशला रडायला वेळ नव्हता. तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

"मामी, आता सांग."

"काय सांगू? छान होती रे."

"मामी, मी हात बघितलेत."

मामी हसायला लागली. मग तिने दार लोटलं. "बघ हं, राग मानू नकोस. दातांना चिकटते. तुझे काका पान उचललं तरी बोट घालून काढत होते. आणि गिळल्यावर घशात कच्ची डाळ खाल्ल्यासारखं राहतं. आणि श्रीखंड म्हणतोस, तर आंबट कुठाय? वेलची घातली की श्रीखंड होतं का?"

"अजून?"

"अजून काय, जीव घेशील का माझा?"

"कढई दे. आणि आंबटपणाला नींबू सत आणायला कुणाला तरी पाठव."

"आत्ता? भांडी पडलीत सगळी!"

"भांडी मी घासतो. कढई दे."

पिशवीतला कोरा मसाला त्याने मंद आचेवर परत भाजायला घेतला. आधी त्याने घाई केली होती; भाजलं की रंग जातो, श्रीखंड पांढरं हवं, म्हणून कच्चं ठेवलं होतं. मरो रंग. खमंग वास सुटेपर्यंत तो हलला नाही. पाक मुद्दाम कच्चा ठेवला, बोटाला तार येण्याआधीच उतरवला. चक्का घालून चालणार नव्हतं, कागदात गुंडाळून दुकानात ठेवलं की आठवड्यात बुरशी येईल. म्हणून नींबू सत, म्हणजे लिंबाचं फूल, अगदी चिमूट. चाखलं, थुंकलं, धुतलं. परत चिमूट. मेधा दारात येऊन म्हणाली, "माझ्या केळवणात माझ्यापेक्षा तुझाच थाट आहे." तो म्हणाला, "गप, खलबत्ता दे."

पाहुणे चहाला थांबले होते. वड्या नीट थापल्यासुद्धा नव्हत्या, वाकड्यातिकड्या कापून त्याने बशीत फिरवल्या. लोकांनी पंगतीतलं आठवून भीत भीत घेतल्या.

दुसरी फेरी. काकांनी बशी झाकली. मावशीने झाकली. मेधाने एक बोट वर केलं, "अर्धी." एक शेजारचे गृहस्थ हात वर करून "नको, नको" म्हणाले आणि नीलेशने एवढ्या घाईने वाढली की चहा सांडला. मामांनी बशी पुढे केली.

"झाली का चांगली?" नीलेशने विचारलं.

"दुपारपेक्षा बरी," मामा म्हणाले. "अजून भाज."

सोमवारी भैयासाहेबांच्या केबिनबाहेर मनावरचा टॉफीवाला पान खात बसला होता. नीलेश आत गेला. प्रणवने आधीच तोंड उघडलं होतं, सगळ्या कारखान्याला दहापैकी दहाची बातमी होती.

"आण चिठ्ठ्या," भैयासाहेब म्हणाले.

"त्या फाडल्या. दत्ताचा प्रसाद म्हणून दिलेले मार्क होते. धारला परत चाखवली. दुपारी पंगतीत कुणीच दुसरी घेतली नाही. परत भाजली, पाक बदलला, आंबट घातलं. संध्याकाळी तिघांनी घेतली."

"किती जणांत?"

"चौदा."

"चौदात तीन!" भैयासाहेब खुर्चीत मागे टेकले. "और तू मुँह उठा के बताने आया?"

"हो. कारण हे तीन खरे आहेत. कच्चा वास आता गेला, चिकटणं अर्धं गेलं. अर्धं राहिलंय, ते पाकात आहे, मला कळलंय कुठे. भैयासाहेब, मशीन आज विकू नका. मला एक घाणा काढू द्या, छोटा. फुकट एकही वाटणार नाही. जिमसमोर टेबल टाकून विकीन. खिशातून पैसा काढणारा माणूस खोटं बोलत नाही. एकदा घेऊन गेलेला परत आलाच नाही, तर मी स्वतः मशीन ट्रकवर चढवतो."

बाहेर टॉफीवाल्याने घसा खाकरला.

"प्रणव!" भैयासाहेबांनी हाक मारली. "बाहेरच्या शेठला चहा दे. म्हणावं, महिनाअखेरीस या." मग नीलेशकडे वळून, "महिनाभर. पोतीही शिवायची, सूट नाही मिळणार. सोया गोदामातून घे, वाया गेलं तर तुझ्या पगारातून."

"चालेल."

"चालेल काय? जा ना!"

नीलेश गेला. गोदामातून त्याने एक पोतं ओढत काढलं, भट्टीपाशी आणलं आणि सुतळी कापली. प्रणव चहाची किटली घेऊन तिथून जात होता.

"भिया, आधी चाय तर पी ले."

"आधी भाजतो," नीलेश म्हणाला, आणि भट्टीची आच कमी केली.