लोटनला वाचून दाखवलेलं पान

"हाई काय शे, नाना? माले काही समजनं नही," फोनच्या स्पीकरमधून लोटनचा आवाज आला आणि मी कपाळावर हात मारला. नानांचं पान पुन्हा परत आलं!

आमच्या जळगावच्या ऑफिसात केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. मी सुनंदाबाई, गिऱ्हाइकांचे फोन घेते. सॉफ्टवेअरची माहिती देणारं प्रत्येक पान आधी एखाद्या गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवायचं आणि त्याला कळलं तरच छापायचं, ही आमची रीत. मालक रोनकचे आजोबा केवलचंदशेठ कापडाच्या दुकानात सांगितलेला भाव गिऱ्हाइकाकडून पुन्हा वदवून घ्यायचे, तिथून ती आली.

पानं लिहायचे पंडितनाना. धुळ्याच्या छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली, छापखाना बंद पडला, मग उतारवयात इथे आले. माणूस सोन्यासारखा, पण भाषा! रिलेशनल डेटाबेसला 'संबंधाधिष्ठित विदासंच' म्हणे! अहो, शिरपूरला केळीच्या वखारीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या लोटनने याचं काय लोणचं घालायचं?

रोनकने सकाळीच सांगितलं होतं, "नाना, नव्या डेटाबेसच्या या पानावर ठरवू. नाहीतर पुण्याहून लिहून घ्यावं लागेल." बोलताना त्याने नानांकडे बघितलं नाही. तोही वाईट नाही, पण धंदा आहे.

"नाना," मी म्हटलं, "तुमचं मराठी फ्रेम करून लावण्यासारखं आहे. पण माणसाला कळेल असं बोला की!"

दुसरा कोणी चिडला असता. नाना हसले आणि फोनकडे वाकले. "लोटनभाऊ, तुम्हाला भीती कशाची वाटते, ते सांगा."

"नवं उनं तं मना बठ्ठा जुना डाटा जाई का?"

नानांनी ते कागदावर टिपून घेतलं. "थोड्या वेळाने पुन्हा फोन करतो," एवढंच म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले, चहा निवला तरी उठले नाहीत. दुपारी त्यांनी स्वतःच नंबर लावला आणि वाचायला लागले.

"आधी एक सांगतो. जुनं काहीही जात नाही. तुमचा आजचा डेटाबेस रिलेशनल आहे. त्यात घडाच्या फण्या सुट्या करून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवाव्या, तशी माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत असते. प्रत्येक फणीवर घडाचा नंबर. अख्खा घड बघायचा तर नंबर जुळवून फण्या एकत्र आणायच्या. नवा डेटाबेस ऑब्जेक्ट-रिलेशनल आहे. क्रेट तेच, नंबर तेच. पण यात घड म्हणजे काय, हे एकदा आपणच ठरवून देता येतं: जात, वजन आणि त्याच्या फण्या. मग अख्खा घड न सोडवता एकाच क्रेटमध्ये ठेवता येतो. सुट्या फण्या ठेवायच्या असतील तर तशाही ठेवा."

नाना थांबले. रोनक दारात येऊन उभा होता. मी तर पद्मालयाच्या गणपतीला नारळ बोलून बसले होते.

"म्हंजे जुनं तठेच ऱ्हाई," लोटन सावकाश म्हणाला, "आनि आख्खा घड ठेवानी सोय नवी."

"अगदी बरोबर!" नाना टेबलावर थाप मारून म्हणाले. "उपकार झाले, लोटनभाऊ. तुम्ही विचारलंत म्हणून मला कळलं काय लिहायचं ते."

"उपकार कशाना, नाना? सरनं का? आखो वाचा ना."

नाना माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढलेला माणूस. त्यांनी स्वतः लिहिलेलं ऐकून 'अजून वाचा' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

रोनक आत गेला, पुढच्या पानासाठी कोरे कागद घेऊन आला आणि नानांच्या समोर ठेवले.

"हे अजून लिहायचंय, लोटनभाऊ," नाना फोनमध्ये म्हणाले. "उद्या वाचतो." आणि फोन ठेवण्याआधी, लोटनला दिसत नसताना, खुर्चीवरून उठून त्यांनी हात जोडले.