पांढऱ्या कापडाचे दिवस

“मास्तर, उजवा हात वर करा बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ह्यांनी डावा केला. “अहो, उजवा!” मी म्हटलं, तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच चुकतेय. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

ह्याच हातानं आख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. बोलणं कमी, नखरे फार. मी साधं बटण लावलं तरी उसवून पुन्हा लावणार. “अगं, टाका सरळ नको?”

“आधी तुमचं काळीज सरळ चालू दे!” मी म्हणायची. तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे, जिना चढला की धाप लागायची. शेवटी मोठं ऑपरेशन झालं. झडप दुरुस्त केली, ठोके बिघडवणाऱ्या वाटाही बंद केल्या. मग किती वर्षं छान गेली! मी छातीला कान लावायची आणि हे विचारायचे, “काय, मशीन चालतंय ना?” चालत होतं हो, अगदी झकास.

रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्मभर होती. ठोके कित्येक वर्षांनीही पुन्हा बिघडतात आणि कधीकधी कळतही नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी रोज गोळी हातावर ठेवायची, हे वर पाणी प्यायचे. मला मेलीला काय ठाऊक, शाळेच्या गणवेशांचे दिवस आले की हे गोळी गुपचूप खिशात टाकतात! सुई टोचली की रक्त लवकर थांबायचं नाही, आणि समोर सगळे पांढरे शर्ट. हे दवाखान्यात आडवे झाल्यावर दुकानात सुयांच्या डबीत मला त्या गोळ्या सापडल्या.

“ठोके पुन्हा बिघडलेत. कधीपासून, ते सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हृदयात गुठळी झाली, ती मेंदूत गेली.”

“बोलतील ना हो?”

“प्रयत्न करू.”

मग माझा धीर सुटला. सगळ्यांसमोर ह्यांच्यावरच ओरडले, “डागासाठी? अहो, डाग मी धुतला असता!” ह्यांचे ओठ हलले, शब्द काही फुटला नाही. इतकी वर्षं भांडले ह्यांच्याशी, पण उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं. मला रडू आवरेना.

ह्यांना घरी आणल्यावर दुकानात अर्धवट राहिलेला शर्ट मी घरच्या मशीनवर घेतला. कॉलर तेवढी लावायची होती. हे खाटेवरून बघत होते. झाल्यावर त्यांच्या मांडीवर ठेवला. “बघा, जमलं की नाही?”

त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. मग मी दोरा कापून उशाशी ठेवलेली छोटी कात्री डाव्या हातानं चाचपून घेतली आणि माझा एक एक टाका उसवायला लागले.

कापड सारखं निसटत होतं. मी दुसरं टोक धरून बसले.