होडीतून गेलेला वर्ग

मित्रांनो, मी डिझेलवर चालणारे एक जुने इंजिन आहे. प्रकाशा गावच्या लोटनआप्पा पाटलांनी मला शेताला पाणी द्यायला विकत घेतले. हँडल मारले की मी धडधडू लागे, तापीचे पाणी चढावर जाई आणि केळीची बाग भिजे. पुढे विजेचा पंप आला आणि मी गोठ्यामागच्या पत्र्याखाली जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. काम संपलेल्या यंत्राचे असेच होते.

आप्पांची मुलगी रंजिता नंदुरबारच्या एका संस्थेत होती. शाळा कधीच मागे पडलेल्या मोठ्या माणसांना हाताचे कसब शिकवायचे वर्ग गावोगावी सुरू करायचे, ते कुठे आणि कधी हे ठरवायचे, हे तिचे काम. इंजिन दुरुस्तीच्या वर्गात खोलून दाखवायला तिने मला मागितले.

"लई जाय पोरी," आप्पांनी अहिराणीत घेऊन जायला सांगितले. "आठे पडी ऱ्हायनं ते गंजी जाई."

शिकवायला जहीरभाई होते. नंदुरबारच्या बाजारात त्यांचे गॅरेज होते. त्यांनी मला घासूनपुसून उभे केले. अंगात पुन्हा तेल फिरले तेव्हा मला बरे वाटले.

रंजिताची पहिली आखणी कागदावर फार सुबक होती. मोठ्या गावी ऐसपैस खोली, महिनाभर वर्ग, सकाळी दहा ते पाच. प्रकाशाला पहिला वर्ग लागला आणि खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

"मॅडम, कापूस येचाना टाइम शे," जहीरभाई म्हणाले. "आते कोन येई?"

रंजिताला ते लागले. ती त्याच गावची, आणि तिलाच हे सुचले नव्हते. मग चिंचपाड्याला जाऊन तिने आधी विचारले, आणि लोक म्हणाले तसा संध्याकाळचा वर्ग ठेवला. तिथे बसायला जागा पुरेना.

राहिली नर्मदाकाठची गावे. मणिबेलीच्या बाजूला धरणाच्या पाण्यामुळे रस्ता असा नाही. बाजार, दवाखाना, सगळे होडीने. त्या होड्यांना माझ्यासारखीच इंजिने, आणि ती बंद पडली की दुरुस्त करणारे जवळ कोणी नाही. संस्थेचे प्रमुख नवलसर मात्र राजी नव्हते. "हा एक वर्ग करून बघा," ते म्हणाले. "फसला तर पुढच्या वर्षी सगळे वर्ग शहरातच होतील." काठावर फोन लागत नव्हता. विचारायला जायचे तर दोन दिवस मोडणार. रंजिताने घाई केली आणि दिवाळीनंतरची तारीख ठरवून टाकली.

मला जीपमधून काठावर नेले, तिथून होडीत चढवले. जहीरभाईंना पोहता येत नसे. पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी होडीची कड सोडली नाही.

पाड्यावर पोचलो तर पुरुष कुठेच दिसेनात. सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. घरी फक्त बाया, मुले आणि म्हातारी माणसे.

"परत जाऊ," रंजिता हळूच म्हणाली. "होळीला माणसं येतील तेव्हा पाहू." पण तोवर शहरात निर्णय होऊन जाणार, हे तिला ठाऊक होते. तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात बायांमधून सुरमीबाई पुढे आली. घरात तिची बोली भिलोरी, पण आश्रमशाळेत शिकल्यामुळे मराठी चांगली येई.

"ताई, माणसं नाहीत तर आम्ही आहोत ना? होळीपर्यंत होडीत आम्हीच बसतो. बंद पडली की आम्हीच अडकतो."

जहीरभाई घुटमळले. बायकांना इंजिन त्यांनी कधी शिकवले नव्हते. "हाथ काले होंगे," ते म्हणाले.

"चुलीनं काळेच आहेत," सुरमीबाई म्हणाली. बाया हसल्या आणि माझ्याभोवती बसल्या.

असा वर्ग सुरू झाला. वेळ बायांनी ठरवली: पाणी भरून झाल्यावर, शेळ्या सोडण्याआधी. जहीरभाई हिंदीत सांगत, सुरमीबाई ते भिलोरीत सांगे. अनेक हातांनी मला खोलले आणि पुन्हा जोडले. कधी एखादा नट उरे, मग पुन्हा सारे उघडावे लागे.

वर्ग संपल्यावर मला परत न्यायला होडीत ठेवले; रंजिता आणि जहीरभाईही बसले. सुकाणूवर सुरमीबाईचे सासरे, इंद्रसिंगबाबा. तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेऊन एक आई दवाखान्याला निघाली होती. तिच्या सोबतीला सुरमीबाई होती.

मधोमध आल्यावर होडीचे इंजिन फटफटले आणि थांबले. डिझेलचा पाइप चिरला होता. वारा सुटला होता. बुडालेल्या झाडांचे शेंडे जिथे पाण्याबाहेर आले होते, तिकडे होडी सरकू लागली. जहीरभाई पाना घेऊन उठले, पण होडी हलली तसे मटकन खाली बसले. त्यांनी पुन्हा होडीची कड धरली.

"भाई, तुम्ही बसा," सुरमीबाई म्हणाली. "तोंडानं सांगा."

तिने माझा पाइप सोडवला आणि तिकडे बसवला. एकाच जातीची इंजिने आम्ही, तो नीट बसला. हँडल मारले. इंजिन उचलेना. लेकराची आई रडू लागली.

"हवा," जहीरभाई डोळे मिटूनच म्हणाले. "पहले हवा निकालो."

तिने नट सैल केला. बुडबुडे गेले, डिझेलची धार आली. नट आवळून तिने दोन्ही हातांनी हँडल फिरवले, आणि इंजिन धडधडू लागले. इंद्रसिंगबाबांनी सुकाणू वळवले. लेकरू वेळेत दवाखान्यात पोचले.

नंदुरबारला नवलसरांनी विचारले, "बायका इंजिन दुरुस्त करणार?"

"त्यांनीच चालू केलं, म्हणून मी इथं आले," रंजिता म्हणाली. काठावरचे वर्ग मंजूर झाले. मला नवा पाइप बसवून पाड्यावरच पाठवले. आता आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायाही होडीने शिकायला येतात.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, वापरून झाले म्हणून टाकून देऊ नका. आणि मोठेपणी कोणाला काही शिकवायला निघालात, तर आधी त्याच्या दारी जाऊन त्याला विचारा. नव्या वर्षाच्या वर्गाची तारीख ठरवायला रंजिता स्वतः होडीत बसून आली. कागद कोराच ठेवून तिने विचारले, "सुरमीबाई, तुम्ही मोकळ्या कधी असता?"

"मोकळ्या कधीच नसतो, ताई," ती म्हणाली. "तुम्ही या. आम्ही वेळ काढू."