साडेनऊ फूट

"झोपाळा लावला तरी वर जागा उरतेच. आता तिथली जळमटं काढायची कुणी?"

वरच्या मजल्यावरचे भालचंद्रराव स्वतःशी कुरकुरले आणि मला ते कानात बोलल्यासारखं ऐकू आलं, कारण आमचं छत तेव्हा माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. शेगडी जमिनीवर ठेवून, कोपरावर रेलून मी पोळ्या भाजत होते. पोळी फुगली की छताला टेकायची आणि तिथे गोल ओलसर डाग उमटायचा.

छत एकदम खाली आलं नाही. आधी पंखा काढावा लागला. मग सुताराने कपाटाचे पाय कापले, नंतर कपाटच कापलं. तो म्हणाला, "वहिनी, यापुढे नुसत्या फळ्या उरतील." त्या फळ्यांवर आता आम्ही डबे ठेवतो.

माझं कसंही चाललं असतं. प्रश्न अप्पांचा होता. माझे वडील चांगले सहा फूट उंच. एसटीत कंडक्टर होते, जन्मभर मान वाकवून तिकिटं फाडली. म्हणून घर घेताना त्यांनी बिल्डरला एकच गोष्ट विचारली होती, उंची किती. बिल्डर म्हणाला होता, साडेनऊ फूट. आता अप्पा भिंतीलगत उताणे पडलेले असायचे. तक्रार नाही. फक्त एकदा म्हणाले, "शरयू, एकदा उभं राहून चहा प्यायचाय गं. आपल्याच घरात."

बिल्डरचा इंजिनिअर येऊन गेला. रांगत आत शिरला, पोटावर पडून टेप लावली आणि म्हणाला, "साडेनऊ. नकाशाप्रमाणे." मी टेप पाहिली. टेपवर साडेनऊच होते. जाताना शर्टाची धूळ झटकत म्हणाला, "घर हवेशीर आहे हो तुमचं."

मग मी ठरवलं, कायदा आपणच शिकायचा. दहावीनंतर जे काही शिकले ते असंच, ज्याची गरज पडली ते. वाचनालयात गुरुवारी दुपारी इनामदार बाई नावाच्या एक वकील येत. त्या लोकांना फुकट सल्ला देत, तक्रार कशी लिहायची ते शिकवत.

"एकटी कुठे जातेस? मी येते ना," कुमुद म्हणाली. कुमुद ही भालचंद्ररावांची बायको. आम्ही दोघी एकाच चाळीतून इथे आलो. वर-खाली फ्लॅट मिळावेत म्हणून तिनेच बिल्डरला गळ घातली होती. आमचं कैरीचं लोणचं अजून एकाच बरणीत मुरतं. "पुढच्या गुरुवारी जाऊ."

पुढच्या गुरुवारी तिच्याकडे पाहुणे आले. मग तिची दाढ दुखायला लागली. मग श्रावण लागला. मग ती म्हणाली, पितृपक्षात नव्या कामाला हात लावू नये. असं करता करता दोन वर्षं उलटली. मी थांबत गेले आणि छत खाली येत गेलं.

वर त्यांचं घर वाढत होतं. आधी झोपाळा आला, मग माळा. बल्ब बदलायला हात पोचेना तेव्हा कुमुद आमची शिडी मागायला आली. मी देऊन टाकली. आम्हाला तिचा काय उपयोग? शिडी नेताना आम्ही दोघींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं.

मधल्या काळात ग्राहकांच्या हक्कांची पुस्तिका आणायला मी वाचनालयात गेले. एकच प्रत होती, पिवळी, आणि ती कायम बाहेर.

"तुमच्याच इमारतीत आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"कुणाकडे?"

"ते आम्ही सांगत नाही. पण मन लावून वाचतायत. सारखी मुदत वाढवून नेतात."

शेवटी मी एकटीच गेले. वाचनालयाचं छत पूर्वीसारखंच उंच होतं, पण मला सरळ होता येईना. इनामदार बाईंनी ते पाहिलं आणि त्या मला घेऊन टेबलाखाली बसल्या.

"इथे बोलू," त्या म्हणाल्या. "वकील लागत नाही. तक्रार स्वतः लिहायची, ग्राहक आयोगापुढे स्वतः उभं राहायचं."

"उभं राहणं जमणार नाही."

"बसून बोलायची परवानगी मागू. छत कधीपासून येतंय?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"दोन वर्षांच्या आत यायला हवं होतं, ताई. ती मुदत गेली. पण मार्ग आहे. उशीर का झाला ते सांगायचं. कारण सबळ असेल तर आयोग ऐकून घेतो. कुणी थांबवलं तुम्हाला?"

टेबल थोडं खाली आलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

"'कुणी नाही' हे कारण होत नाही," इनामदार बाई म्हणाल्या आणि माझी पिशवी माझ्या हातात दिली.

घरी आले तेव्हा दार देवाच्या कोनाड्याएवढं झालं होतं. सरपटत आत गेले आणि अप्पांच्या शेजारी आडवी झाले. छत त्यांच्या नाकाला टेकलं होतं, म्हणून त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"उशिराचं कारण विचारत होत्या."

अप्पांनी नुसते डोळे वर नेले आणि परत खाली आणले.

वर झोपाळ्याची कडी करकरत होती, ती थांबली. थोड्या वेळाने छत माझ्या गालापाशी कोमट झालं. कुमुदने तिकडून फरशीवर गाल टेकवला होता.

"शरू, झोपलीस?"

"आडवी आहे. इथे सगळे आडवेच असतात."

"लोणचं आणलं होतं गं तुला. दार सापडेना."

"कुमुद, पिवळी पुस्तिका तुझ्याकडे आहे?"

पान उलटल्याचा आवाज आला.

"आयोगात एवढंच सांगायचंय, उशीर का झाला," मी म्हणाले. "सांगायला येशील?"

"कुमुद, उठ तिथून," भालचंद्ररावांचा आवाज आला. "फरशी गार आहे."

ती उठली नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता, चाळीत एका गादीवर झोपायचो तेव्हा यायचा तसा.

"मीच थांबवलं तुला," कुमुद म्हणाली. "तुमची उंची वर यायला लागली, शरू, आणि मला ती आवडली."

शेजारी अप्पांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकवले, उठणारा माणूस टेकवतो तसे.