चुण्या

थोरल्या जावेनं रबरी पिशवीत गरम पाणी ओतलं, बूच घट्ट पिळलं आणि पिशवी सासूबाईंच्या हाती दिली. पिशवी तिची स्वतःची. वर्षानुवर्षं तिच्याच ओटीपोटावर राहून ती एका बाजूनं पातळ झाली होती. सासूबाई ती घेऊन धाकटीच्या खोलीकडे लगबगीनं निघाल्या.

"तिला उठवू नका गं कुणी. आजार आहे तिला."

आजार! हा शब्द थोरलीच्या वाट्याला कधी आला नव्हता. तिच्या वाट्याला आलं होतं ते "बायकांचं चालायचंच." शिलाईच्या कारखान्यात तिला मशीनवर बसवेना, म्हणून ती कापणीच्या टेबलाशी उभ्यानं काम करू लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." सोनोग्राफी झाली, ती स्वच्छ. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी मन रमवा म्हणून सांगितलं. प्रत्येकानं विचारलं होतं, कितपत दुखतं? आणि प्रत्येकाला ती म्हणाली होती, "थोडं." डॉक्टरांपुढे कांगावा करू नये, अशी तिची समजूत.

धाकटीचं दुखणं कालपरवाचं. पहिल्याच डॉक्टरबाईंनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि त्याला नाव दिलं, एंडोमेट्रिऑसिस. घरात ते कुणाला धड म्हणता येत नव्हतं, पण म्हणत सगळेच होते. नाव मोठं, त्यामुळे मानही मोठा. कधी पेला न विसळणारा दीर बायकोची ताटं उचलू लागला. थोरलीला हेवा वाटला. कपड्यादागिन्यांचा वाटतो तसा नव्हे, चांगला जळजळीत. दुसऱ्याचं बरं झालं की लोकांच्या पोटात दुखतं म्हणतात. हिच्या तर आधीपासूनच दुखत होतं.

टाके दाखवायला जायचं झालं, तेव्हा धाकटीनं नवऱ्याला घरी बसवलं.

"ताईच हव्यात बरोबर."

म्हणजे आता हिची मिरवणूक बघायलाही मीच, असं मनात म्हणत थोरलीनं चपला घातल्या.

डॉक्टरबाईंनी टाके पाहिले आणि धाकटीला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"खरं सांगू? सोनोग्राफीत तुमच्याही काही दिसलं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात ना, की आतून कुणीतरी धागा ओढून चुण्या पाडतंय, पाय लांब केला की धागा ताणतो, बसलं की गाठ रुतते. म्हणून मी दुर्बीण घालायचं ठरवलं. आत बघते तर तस्संच. शिवणकाम करता वाटतं?"

थोरलीचे कान तापले. हे तिचे शब्द होते. एका दुपारी ओट्याला रेलून ती धाकटीशी बोलून गेली होती आणि मग, जाऊ दे गं, म्हणून हसली होती. पिशवी घेतली, मान घेतला, आता शब्दही घेतले. आणि कुणी, तर जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिनं!

धाकटीनं मान खाली घातली.

"मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही, डॉक्टर. दुखतंय, याच्यापुढे मला काही सांगताच येईना. मग या ताईंचं बोलणं आठवलं. मलाही तसंच होत होतं, म्हणून तेच सांगितलं."

डॉक्टरबाईंनी तेव्हा कुठे थोरलीकडे नीट पाहिलं. दाराशी बाक रिकामं होतं आणि ती त्याच्या शेजारी उभी होती.

"तुम्ही बसत का नाही?"

"मी उभीच बरी."

धाकटी पोटावर हात दाबून उठली आणि तिनं आपली खुर्ची थोरलीकडे सरकवली.

"बसा, ताई. मला सांगितलं होतंत ना, तसंच सांगा यांना."

थोरलीला तिचा रागच आला. हेवाही जागच्या जागी होता, तो काही एवढ्यात जाणार नव्हता. ती बसली. आत गाठ रुतली.

"कितपत दुखतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थो..."

धाकटीचा हात तिच्या खांद्यावर आला. तिच्यासाठी उठलेली ती पोरगी टाक्यांच्या कळेनं ओठ चावत उभी होती.

"खूप," थोरली म्हणाली.